कोरडं डबकं

सुरतच्या पर्वत पाटियात ठेकेदारी करणाऱ्या आम्हा खानदेशी माणसांना भरावाचं भारी वेड. मिठी खाडी फुगली की इथल्या सोसायट्यांत पाणी शिरतं, म्हणून प्लॉट हाती आला की आधी जमीन उंच करायची. माझ्या एका प्लॉटच्या कडेला एक जुनं डबकं होतं, उन्हाळ्यानं आटलेलं. मी पोकलेन लावला.

चिखलातून कासव निघालं. "भाऊ, लक्ष्मी आली!" मुकादम ओरडला. मग आणखी निघाली. त्यातलं एक मी बादलीत घालून घरी नेलं, वास्तूला चांगलं म्हणून. बाकीची गोणीत भरून तापीत सोडायला लावली. वर पुण्य केल्याचा रुबाब!

दोन्ही गुन्हे होते. माझा हिशोब असा, की बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या आतलं, म्हणजे २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी नको, म्हणजे प्राण्यांचं कोण विचारतंय? पहिलं 'म्हणजे' बरोबर, दुसरं साफ चूक. १९७२ च्या वन्यजीव कायद्याला चौरस मीटरची अट नाही. डबक्यातलं हे मऊ पाठीचं कासव वाघाच्याच यादीत, अनुसूची एकमध्ये आहे. त्याला परवानगीशिवाय पकडणं हीसुद्धा कायद्यानं शिकारच. शिक्षा तीन ते सात वर्षं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५,००० रुपये.

हे मला साप पकडणाऱ्या एका ओळखीच्या पोरानं घरातली बादली पाहून सांगितलं. कासव वनखात्याकडे दिलं, चार शब्द ऐकून घेतले. तो पुढे जे बोलला ते मात्र जास्त लागलं. पाणी आटलं की ही कासवं ओल्या गाळात स्वतःला पुरून घेतात आणि पावसाची वाट बघतात. डबकं कोरडं म्हणजे रिकामं, असं मी धरून चाललो होतो. दिसली ती गोणीत गेली. न दिसलेल्यांवर मी डंपर ओतले.

थांबलो असतो तर पायाचं काम दिवाळीवर गेलं असतं आणि व्याज माझ्याच डोक्यावर बसलं असतं, हेही खरं. तरी थांबायला हवं होतं.

तळं, डबकं किंवा खाडीकाठाला लागून प्लॉट घेतला असेल, तर भराव टाकण्याआधी वनखात्याला लेखी कळवून जागा दाखवा. कासव निघालंच तर मशीन बंद करा, त्यांना बोलवा आणि ते येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका.