सगळ्यांची झोपायची खोली

लहान मुलांच्या सुरक्षिततेवरचे लेख वाचावेत, तर त्यांत बाळाची वेगळी खोली असते. आमच्या डोंबिवलीच्या घरात झोपायची खोली एकच. तीत आम्ही दोघं, सासूबाई आणि लेक. पलंगाला धरून लेक उभी राहायला लागली, तेव्हाच लक्षात आलं, की ही खोली तिच्यासाठी सुरक्षित करायची तर घरातल्या प्रत्येकाच्या वस्तूंना हात घालावा लागणार.

सुरुवात कपाटापासून केली. सासूबाईंचं जुनं लोखंडी कपाट आणि शेजारी आमचं ड्रॉवरचं लाकडी. सुतार म्हणाला, ‘‘ताई, एवढं जड कपाट कशाला पडतंय?’’ पण जडपणामुळेच तर भीती. दोन-तीन ड्रॉवर एकदम बाहेर आले आणि खालच्या ड्रॉवरवर मुलाने पाय दिला, की सगळा तोल पुढे येतो. आयकियाने २०१६ साली अमेरिकेत अशी सुमारे २.९ कोटी कपाटं परत मागवली, ती मुलांच्या अंगावर कोसळून मृत्यू झाल्यावरच. आमच्या सुताराने मग नुसत्या गिलाव्यावर न भागवता आतल्या विटेपर्यंत भोक पाडलं, फास्टनर ठोकला आणि लोखंडी पट्टीने दोन्ही कपाटं वरच्या बाजूला भिंतीला जखडली. मी कपाटांना लोंबकळून बघितलं, तेव्हाच त्याचे पैसे दिले. कपाटावरच्या बॅगाही उतरवल्या.

त्याच कपाटात साड्यांच्या घड्यांमधून डांबराच्या गोळ्या होत्या. पांढऱ्या, गोल, पेपरमिंटसारख्या दिसणाऱ्या. नॅफ्थलीन पोटात गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. काही मुलांमध्ये जन्मतःच एका एन्झाइमची कमतरता असते, त्यांना हा धोका फार मोठा. सासूबाईंनी ऐकलं आणि त्याच दुपारी सगळ्या साड्या झटकून काढल्या. आता त्यांत कडुलिंबाचा वाळवलेला पाला आहे.

त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्यांचं मात्र इतकं सहज झालं नाही. डबी उशीखाली असायची. सकाळी डोळे उघडले की हात तिकडेच जायचा, आणि ती सवय आमच्या लग्नाच्याही आधीची. ‘‘अगं, झाकण घट्ट आहे. तिला कुठलं उघडतंय?’’ असं त्या म्हणायच्या. मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडेच घेऊन गेले. डॉक्टरांनी समजावलं, की ग्लिमेपिराइडसारखी एक गोळीसुद्धा लहान मुलाची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते. परिणाम काही तासांनी उशिराही दिसू शकतो, म्हणून मूल खेळताना दिसलं तरी दवाखान्यात न्यायचंच. घरी आल्यावर जागा त्यांनी स्वतःच ठरवली: स्वयंपाकघरात देवघराच्या वरची फळी. अंघोळ करून त्या पहिल्यांदा तिथेच जातात, म्हणून गोळीही चुकत नाही. सुनेने हुकूम सोडून हे जमलं नसतं, असं मला आजही वाटतं.

बटण सेलबद्दल मात्र मी घरात कुणाचंच ऐकून घेतलं नाही. नाण्यासारखा तो चपटा सेल अन्ननलिकेत अडकला, की ओल्या आवरणातून वीज वाहू लागते, तिथे अल्कली तयार होते आणि दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. वापरून टाकलेल्या सेलमध्येही तेवढा जोर असतो. तो गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठून एक्स-रे काढायचा. गाणं म्हणणारी खेळणी, दिव्याचा छोटा रिमोट, वजनकाटा, सगळं तपासलं. ज्याच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नव्हता, ते खोलीबाहेर गेलं.

दाराची खालची कडी काढून टाकली. आतून कडी लावून बसलेलं पोर आणि बाहेर रडणारी आई हे आमच्या इमारतीत घडलेलं आहे; शेवटी अग्निशमन दलाला बोलवावं लागलं होतं. आता कडी फक्त वर, मोठ्यांच्या हाताला लागेल अशी. पावसाळ्यात बाल्कनीतून वारा शिरला की दार धाडकन आपटतं, म्हणून त्याला वरच्या बाजूला अडकवण असलेला स्टॉपर लावला. बोटं बिजागरीच्या बाजूच्या फटीतही सापडतात, आणि तिकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. त्या फटीवर रबराची पट्टी बसवली.

पलंग खिडकीखालून हलवायला नवऱ्याची तयारी नव्हती. उन्हाळ्यात वारा तिथेच येतो. पण गादीवर उभी राहिली की लेकीचे हात सरळ ग्रिलला पोचत होते, आणि ग्रिल म्हणजे चढायला आयती शिडी. पलंग समोरच्या भिंतीला गेला. तिथे उशाशीच विजेचा बोर्ड येतो. प्लास्टिकच्या बुचांवर माझा विश्वास नाही. ती निघतात आणि सरळ तोंडात जातात. आतून शटर असलेली सॉकेट्स आणून ठेवली आहेत, वायरमन रविवारी येईल. तोवर त्या बोर्डाची वीज मुख्य पेटीतूनच बंद आहे आणि मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्ज होतात.