आद्याक्षरांचा प्रणय

विवाहयोग्य मुलामुलींच्या प्रथम परिचयाचे स्थान आमच्या बैठकीच्या खोलीतून निघून त्यांच्या तळहातावर जाऊन बसले, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. पण त्या स्थलांतराबरोबर परिचयाचे दंडकही बदलले, याकडे वडीलधाऱ्यांचे अद्याप पुरते लक्ष गेलेले दिसत नाही. पूर्वी स्थळ सांगून आले म्हणजे पत्रिका जुळवायची, गोत्र नि देवक पाहायचे, मध्यस्थाकरवी घराण्याची माहिती काढायची, आणि हे सारे सोपस्कार निर्वेध पार पडले तर एखाद्या रविवारी कांदेपोह्यांच्या बशा मध्ये ठेवून दोन परक्या जिवांनी एकमेकांकडे चोरून पाहायचे, असा शिरस्ता होता. आता बायोडेटाबरोबर मोबाइलचा नंबर येतो, ‘तुमचं तुम्ही बोलून घ्या’ असे म्हणून आईबाप बाजूला होतात, आणि मग ज्या पहिल्या निरोपावर पुढचे बरेच काही अवलंबून असते, तो निरोप पडद्यावर उमटतो: रोमन लिपीतली ‘एच’ आणि ‘आय’ ही दोन अक्षरे, त्यामागून दुपारी एकच्या सुमारास ‘जे’ हे अक्षर आणि त्याला चिकटून एकाचा आकडा. ‘जे-वन’, म्हणजे जेवण, आणि ते झाले का, अशी ती पृच्छा आहे. कन्येने सविस्तर उत्तर दिले, तर त्याची पोच म्हणून एकटे ‘के’ येते. ‘ओके’मधल्या ‘ओ’लाही त्या दिवशी सवड मिळालेली नसते.

असल्या अक्षरांवरून स्थळे मोडतात, असे सांगितले तर माझ्या वयाची माणसे हसतील. कुळ, शील, शिक्षण आणि पगार यांच्या तराजूत एका गळालेल्या स्वराचे वजन ते काय, असे त्यांना वाटेल. आणि ज्या मुलाने तो स्वर गाळला त्यालाही नेमके तसेच वाटत असते. पण हा विषय आता निव्वळ थट्टेचा उरलेला नाही. डेव्हिड फँग, यिरान झांग आणि सॅम मॅग्लिओ या उत्तर अमेरिकेतील तिघा संशोधकांनी २०२४ साली मानसशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात याच प्रश्नाचा छडा लावणारा प्रबंध प्रसिद्ध केला. ८ वेगवेगळे अभ्यास, त्यांत मिळून ५ हजारांहून अधिक माणसे, आणि शिवाय टिंडर या परिचयस्थळावरील संभाषणांची छाननी, एवढा खटाटोप करून त्यांनी जो निष्कर्ष दप्तरी दाखल केला तो असा, की आखूड केलेले शब्द वाचणाऱ्याला लिहिणारा मनापासून बोलत नाही असे वाटते, आणि त्याला उत्तर देण्याची इच्छाही मंदावते. यातली गंमत पुढेच आहे. अशा लघुरूपांमुळे सलगीचा आभास निर्माण होऊन ती कदाचित प्रियच वाटतील, अशी शक्यता खुद्द संशोधकांच्या मनात होती. हाती आले ते विपरीत. कारण विचाराल तर अगदी साधे: ज्याने शब्दासाठी श्रम घेतले नाहीत, तो माझ्यासाठी काय घेणार?

हे सारे इंग्रजीतले गणित झाले, आणि ते जसेच्या तसे मराठीच्या खात्यावर चढविण्यापूर्वी थोडा विचार करणे इष्ट होईल. कारण संक्षेपाचे वावडे मराठी माणसाला कधीच नव्हते. ज्यांनी मोडी कागदपत्रे चाळली आहेत त्यांना ठाऊक आहे, की आमचे कारकून तर्फ, परगणा, मुक्काम असले नित्याचे शब्द आद्याक्षरावर आणून पुढे दोन उभ्या रेघा ओढीत, आणि मुसलमानी महिन्याच्या तिथीआधी चंद्राचा अवघा ‘छ’ काढून मोकळे होत. घरगुती पत्रव्यवहारात तर या कलेचा परमोत्कर्ष झाला. ‘ती. रा. रा.’ या तीन अक्षरांत तीर्थरूप, राजमान्य नि राजेश्री हे तिघेही मानाने बसत, ‘कृ. सा. न. वि. वि.’ म्हटले की अनेक नमस्कार घडून विनंतीला तोंड फुटे, ‘चि. सौ. कां.’ या मुद्रेखाली लग्नपत्रिकेतली प्रत्येक वधू चिरंजीव आणि सौभाग्यकांक्षिणी होई, आणि ‘गं. भा.’ एवढ्या दोन अक्षरांत एखाद्या बाईचे उभे आयुष्य समाजाने निर्दयपणे गुंडाळून ठेवलेले असे. पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ साली या देशात आले, तेव्हा त्या एका पृष्ठावर कुशल, आजार, पीकपाणी, बारसे आणि उसनवारीचा तगादा हे सर्व मावविण्यासाठी या अक्षरांनी मोठीच जागा मोकळी करून दिली. पतीने पत्नीला लिहिलेल्या कार्डाचा आरंभसुद्धा ‘अनेक आशीर्वाद’ असाच होई, कारण कार्ड पोस्टमनापासून सासूपर्यंत सर्वांच्या वाचनात यायचे; त्यातला प्रणय, असलाच तर, ‘प्रकृतीस जपावे’ या दोन शब्दांच्या आडोशाला उभा राही.

मग त्या आखूड अक्षरांनी कुणाचे मन दुखावले नाही, आणि या अक्षरांनी दुखावते, हे कसे? मला याची उपपत्ती अशी दिसते, की जुना संक्षेप प्रस्तावनेचा होता आणि नवा मजकुराचा आहे. मायना आखडायचा तो मजकूर सैल हाताने लिहिता यावा म्हणून. ‘सा. न. वि. वि.’ या अक्षरांत लिहिणाऱ्याचे असे काही नसे. ती दौलत सार्वजनिक होती, ती सर्वांना सारखी पोचायची, आणि म्हणून तीवरून कुणी कुणाच्या अंतःकरणाची परीक्षा करीत नसे. आजच्या निरोपाला मायना नाही, उभयकुशल नाही, ‘बहुत काय लिहिणे’ अशी लेखनसीमाही नाही. जेवण झाले का, हाच सगळा मजकूर. त्या अडीच शब्दांपलीकडे लिहिणाऱ्याच्या मनाचा दुसरा कोणताही दस्तऐवज वाचणारीच्या हाती नसतो. त्यातलेच दीड शब्द गिळले, तर तिने उरलेल्या शब्दाची उलटतपासणी केली, यात तिचा अपराध काय?

येथे एक गोष्ट नव्या पिढीच्या बाजूने नमूद करणे न्यायाचे आहे. हा आखूडपणा तिने हौसेने उचललेला नाही. तो तिला, किंवा खरे म्हणजे तिच्या थोरल्या भावंडांना, यंत्राने शिकविला. फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाच्या जर्मन अभियंत्याने १९८५ साली बॉन शहरी टंकयंत्रापुढे बसून मनात येतील ती वाक्ये टंकली, त्यांतली अक्षरे मोजली, आणि माणसाला सांगायचे असते ते १६० अक्षरांत आटोपते, असा निवाडा दिला. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात जो पहिला निरोप अशा रीतीने गेला, तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. १६० ही मर्यादा मात्र रोमन अक्षरांची. देवनागरीसाठी यंत्राला निराळी वही उघडावी लागे आणि तीत एका निरोपाला ७० चिन्हे मिळत, काना-मात्रा आणि अनुस्वार यांचाही हिशेब वेगळा धरून. म्हणजे मराठीत मराठी लिहिणाऱ्याला दुप्पट खर्च. त्यावर उपाय म्हणून मराठी रोमन वेषात फिरू लागली, आणि तो वेषही तिला नीट चढविता येईना, कारण आकड्यांच्या बटणांवर अक्षरे दाटीवाटीने बसविलेली. एक ‘एस’ उमटविण्यासाठी साताचे बटण चारदा दाबावे लागे. दिवाळी किंवा नववर्ष अशा, खरोखर काही सांगावेसे वाटे त्या दिवशी, कंपन्या सवलतीचे दर बंद ठेवीत. अशा काळात एखाद्या तरुणाने महाविद्यालयाच्या कट्ट्यावरून कुणाला ‘जी’ आणि ‘एन’ या दोन अक्षरांत शुभ रात्री चिंतिली, तर त्यात काटकसर होती, अंगठ्याची मेहनत होती, आणि पाठविले हेच पुष्कळ होते. आमच्या वेळच्या तारेलाही हाच न्याय होता. विवाहाच्या शुभेच्छांना तारखात्याने एक क्रमांक देऊन ठेवला होता, फॉर्मवर तेवढा आकडा लिहिला की छापील आशीर्वाद मंडपात हजर होई. त्या आकड्याचा वधूपक्षाला कधी राग आला नाही, कारण शब्दाला पैसे पडतात हे दोन्ही पक्षांना माहीत होते. ती तारही २०१३च्या जुलैत बरखास्त झाली.

आता शब्दाला पैसे पडत नाहीत. चिन्हे मोजणारे कुणी नाही, देवनागरी बोटाखाली आहे, ‘जे’ म्हणताच ‘जेवण’, ‘जेवलीस’, ‘जेवलात’ असे पूर्ण शब्द यंत्र स्वतःच पुढे करते. संक्षेपाची सबब उरली नाही आणि संक्षेप मात्र राहिला. निरुपायाने केलेली गोष्ट परिस्थितीच्या खाती जाते. उपाय असून केलेली स्वभावाच्या खाती जमा होते. ‘के’ हे अक्षर दोन्ही काळांत तेच असले, तरी त्या काळी ते किफायत सांगत होते आणि आज कंटाळा सांगते, किंवा निदान सांगते असा वाचणारीला संशय येतो. आणि प्रथमपरिचयात संशय व सत्य यांत फार अंतर नसते.

मराठीपुरता आणखी एक पेच आहे, जो त्या इंग्रजी प्रयोगशाळेत निर्माणच होऊ शकत नव्हता. आमच्या भाषेत अनोळखी समवयस्काशी पहिले वाक्य बोलायचे म्हणजे ‘तू’ की ‘तुम्ही’ हा निर्णय तत्क्षणी घ्यावा लागतो; क्रियापदसुद्धा कबुलीजबाब घेतल्याखेरीज सोडत नाही. ‘कशी आहेस’ म्हणावे तर आगाऊपणा, ‘कशा आहात’ म्हणावे तर विमा उतरवायला आल्यासारखे. या कचाट्यातून सुटण्यासाठी आजच्या मुलांनी इंग्रजी ‘यू’चे एकटे अक्षर जवळ केले आहे, असा माझा तर्क आहे. ते ना एकेरी ना बहुवचनी, ना स्त्रीलिंगी ना पुल्लिंगी. त्याच्या आड बसून तीन-तीन आठवडे संभाषण करता येते आणि तरीही कुणी कुणाला काही म्हटलेले नसते. ही चतुराई मला मान्य आहे, परंतु तिने एक सुंदर क्षण बुडविला याची हळहळही वाटते. ‘आता मला अहो-जाहो करू नका’ असे एकाने म्हणावे, दुसऱ्याने ‘बरं’ म्हणावे आणि पुढच्याच वाक्यात चुकून पुन्हा ‘तुम्ही’ म्हणून जीभ चावावी, या लहानशा प्रसंगात मराठी शृंगाराचा मोठा ऐवज साठविलेला होता.

खरे तर आखूड बोलण्यात प्रेम नसते असे कोण म्हणेल? पु. ल. ही दोन अक्षरे उच्चारली की चारचौघांचे चेहरे उजळतात, जी. ए. म्हटल्यावर कुलकर्णी म्हणण्याची गरज राहत नाही. पण ती आद्याक्षरे त्यांनी पहिल्या पुस्तकाच्या दिवशी वाचकांकडून वसूल केलेली नाहीत, वर्षानुवर्षांच्या वाचनाने वाचकांनी ती आपण होऊन बहाल केली. उलट, जेथे नाते नुकते जुळत असते तेथे आमची रीत विस्ताराची. नववधूला पतीचे तीन अक्षरी नाव घ्यायचे, तर त्याआधी यमकासह दोन ओळींचा उखाणा रचावा लागतो. त्यात चांदीचे ताट येते, महादेवाची पिंड येते, गरज पडलीच तर हिमालयही येतो, आणि मग कोठे ते नाव येते. सभोवतालच्या बायका ‘मोठ्याने घे गं’ म्हणून तिला दरडावतात त्या नावासाठी खचितच नव्हे, नाव तर पत्रिकेवरही छापलेले असते.

म्हणून पूर्ण लिहिले की जिंकले, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. न्यूयॉर्क संस्थानातील बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १२६ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. त्यात एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम दिला, की ते उत्तर कमी मनापासूनचे वाटते, असे निघाले. म्हणजे ज्या टिंबासाठी शाळेत आम्ही छड्या खाल्ल्या, ते टिंब आज रागावून दार लावल्याचा आवाज करते. आणि आता तर निर्दोष, विरामचिन्हयुक्त, आर्जवी निरोप यंत्रच लिहून देते. श्रमांची खूण म्हणून ज्या पूर्ण शब्दाकडे कन्येने पाहायचे तो पूर्ण शब्द विनाश्रम मिळू लागल्यावर तिने कशाकडे पाहावे? एखादा चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ, एखादे अर्धवट खोडून पुन्हा लिहिलेले वाक्य, यांना पुढे भाव येईल, असे मला वाटते.

माझी एक भाची सध्या या दिव्यातून जात आहे. बहिणीने मला तिची समजूत घालण्यासाठी बोलावून घेतले, कारण नाकीडोळी नीटस आणि पगाराने भक्कम असा एक मुलगा तिने केवळ ‘एकाक्षरी’ म्हणून नाकारला होता. मी गेलो, चहा घेतला, आणि तिचे म्हणणे ऐकल्यावर समजूत घालण्याचे काम मनातल्या मनात सोडून दिले. ‘मामा, तुम्हाला मी काय लिहिते? “पोचले” एवढंच ना? पण तुम्हाला मी बारा गावचं आधी सांगून झालेलं असतं. त्याला माझं एक गाव तरी ठाऊक आहे का?’ मग तिने दुसऱ्या एका स्थळाचे निरोप मला दाखविले. हा मुलगा देवनागरीत लिहीत होता, अनुस्वार जागच्या जागी होते, आणि पहिल्याच निरोपात ‘आपले स्थळ आमच्या मातोश्रींना पसंत पडले असून’ अशी सुरुवात होती. त्याला तिने आदल्या रात्रीच नकार कळविला होता. तिसऱ्याशी मात्र बोलणे चालू होते. त्याने कुठल्याशा टेकडीच्या वाटेवर लागलेल्या कुत्र्याची हकीकत लिहिली होती, तिच्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, दोनदा ‘तू’ आणि एकदा ‘तुम्ही’ होते, आणि शेवट करायचा तो विसरला होता. एवढ्यात आतून तिची आजी आली आणि कुणाबद्दल चालले आहे हे ताडून तिने विचारले, ‘हा कसा आहे गं?’

‘पुष्कळ लिहितो, आजी.’

‘ते असू दे,’ आजी म्हणाली, ‘मिळवतो किती?’