नंबर जातो, डोळा राहतो

लेझरच्या यंत्राखाली एक डोळा जेमतेम काही सेकंद असतो. आडवं व्हायचं, लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत राहायचं, आणि ‘झालं’ असं ऐकू येईपर्यंत झालेलंही असतं. त्याआधी मात्र तोच डोळा माझ्या खोलीत दोन-अडीच तास काढतो आणि नंतर वर्षभर येत-जात राहतो. मी ऑप्टोमेट्रिस्ट. कोल्हापुरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात लेझरआधीची मोजमापं आणि लेझरनंतरच्या तपासण्या हे माझं काम. मशीन कुठलं आणि खर्च किती, हे विचारायची तयारी करूनच पेशंट येतात. मला त्यांच्याकडून ऐकायचं असतं ते निराळंच: चष्म्याचा नंबर शेवटचा कधी बदलला, डोळे चोळायची सवय आहे का, घरात कुणाला काचबिंदू आहे का, रात्री गाडी चालवता का, आणि पोटापाण्याला काय करता.

या प्रश्नांमागे एक साधी गोष्ट आहे. बहुतेकांचा मायनस नंबर हा डोळ्याच्या लांबीचा असतो. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर. तो एक मिलिमीटर जादा वाढला की अडीच-तीन नंबर लागतो, कारण प्रकाशाचे किरण पडद्यापर्यंत पोचायच्या आतच एकत्र येतात. लेझर या लांबीला हात लावत नाही. ते डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराचा, कॉर्नियाचा, फुगवटा थोडा उतरवतं, म्हणजे किरण मागे सरकून पडद्यावर एकत्र येतात. दोष मागे आणि दुरुस्ती पुढे, असा हा मामला. दुरुस्ती पक्की असते, पण दोष जिथल्या तिथे राहतो. पेशंटला समजवायला सगळ्यात अवघड जातं ते हेच.

नंबर काढणं बघणाऱ्याला सोपं वाटतं. सहा मीटरवर अक्षरांचा तक्ता, नाकावर जड ट्रायल फ्रेम, आणि ‘ही काच बरी की ही?’ हा दिवसभराचा प्रश्न. पण पंचविशीतल्या डोळ्यातलं भिंग लवचीक असतं. पाव-अर्धा मायनस जास्तीचा दिला तरी ते जोर लावून निभावून नेतं, आणि पोरगा खुशीत सांगतो, “मॅडम, आता अजून काळं दिसतंय.” काळं दिसणं म्हणजे नीट दिसणं नव्हे, हे तो सांगणार नाही. ते मलाच ओळखायचं असतं. म्हणून मी आधी प्लसच्या काचा घालून मुद्दाम धूसर करते आणि तिथून पाव-पाव नंबरने खाली उतरते. मग थेंब घालून बाहुली मोठी करायची, भिंगाला जोर देणारा स्नायू सैल पडू द्यायचा आणि पुन्हा मोजायचं. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर पेशंटला दुसऱ्या दिवशी परत बोलवायचं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना तर आधी लेन्स बंद करायला लावतो: मऊ असेल तर आठवडा-दोन आठवडे, कडक असेल तर त्याहून जास्त. लेन्सने दाबलेला कॉर्निया आपल्या मूळ आकारात यायला तेवढा वेळ घेतो. चष्म्यात पाव नंबर चुकला तर काच बदलून देता येते. कॉर्नियावरून उडालेला थर मात्र कुणालाच परत बसवता येत नाही.

हा थर किती, तर मायक्रॉनमध्ये मोजावा एवढा. कॉर्नियाची मधली जाडी साधारण ५०० ते ५५० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. लेसिकमध्ये वरची एक पातळ झडप उघडतात, ती १०० ते १२० मायक्रॉनची. त्याखाली सहा मिलिमीटरच्या गोलात एक नंबर उतरवायला बारा-पंधरा मायक्रॉन खर्ची पडतात. शेवटी तळाशी किमान २५० मायक्रॉन तरी उरलेच पाहिजेत, बरेच सर्जन ३०० उरावेत असं बघतात. ५३० चा कॉर्निया आणि मायनस चार नंबर असेल तर हिशोब आरामात बसतो. ४७० चा कॉर्निया आणि मायनस आठ असेल तर वजाबाकी करतानाच उत्तर कळतं.

आणि कधीकधी जाडी पुरेशी असूनही नाही म्हणावं लागतं. दर सहा महिन्यांनी चष्मा बदलणारा, उन्हाळा आला की डोळे खाजून लाल करणारा कॉलेजातला मुलगा आला की मी नंबराच्या आधी कॉर्नियाचा नकाशा काढते. खाली, मधल्या बिंदूपासून जरा बाजूला, तांबडा उंचवटा दिसला की शंका येते केरॅटोकोनसची. यात कॉर्निया पातळ होत होत शंकूसारखा पुढे येतो. अशा डोळ्यावरचा थर लेझरने आणखी उतरवला तर तो ढासळतच जाईल. त्याला गरज असते ती उलट उपचाराची: रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब आणि अतिनील किरण वापरून कॉर्निया घट्ट करायचा, आणि डोळे चोळणं कायमचं थांबवायचं. वडिलांचा चेहरा उतरतो. पोरगं भरतीच्या तयारीत असतं, चष्मा काढायलाच ते आलेले असतात. लेझर नाकारलं म्हणून ते हिरमुसतात, पण त्या दिवशी तो आजार वेळेत सापडला ही जास्त मोठी गोष्ट असते. ती त्यांच्या गळी उतरवायला मला नकाशापेक्षा जास्त वेळ लागतो.

ज्यांचं ऑपरेशन होतं, त्यांच्यापैकी बरेच जण बाहेर आल्यावर हळू आवाजात विचारतात, “काहीतरी जळल्याचा वास आला हो. डोळा भाजला का काय?” वास खरा असतो, भाजणं नसतं. १९३ नॅनोमीटरचा हा अतिनील किरण रेणूंना जोडणारे बंध तोडतो आणि तेवढा थर उडून जातो, शेजारच्या पेशींना झळ लागत नाही. ही करामत पहिल्यांदा दिसली ती मांसाच्या उरल्यासुरल्या तुकड्यावर. १९८१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन हे मद्रासकडचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी जेम्स विन व सॅम्युअल ब्लम काम करत होते. श्रीनिवासन यांनी थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा आणून लेझरखाली धरला, तर त्यावर स्वच्छ खाच पडली आणि कडा अजिबात करपल्या नाहीत. पुढे स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाने हा किरण कॉर्नियाकडे वळवला. आपल्याकडच्या माणसाचा त्यात हात आहे म्हटल्यावर पेशंटचं धास्तावलेलं तोंड जरा निवळतं.

लेसिकचा पहिला दिवस फसवा असतो. पहिले चार-पाच तास पाणी, चुरचुर, उजेड नको. झोप काढली की ओसरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळाचे काटे चष्म्याशिवाय दिसतात आणि माणूस हरखतो. आता काय, झालं बरं, असं त्याला वाटतं, आणि नेमकं तिथूनच माझं दुसरं काम सुरू होतं. झडपेला टाके नसतात. ती आपली आपण बसलेली असते, म्हणून झोपताना डोळ्यावर कवच लावायचं, चोळायचं नाही, आठवडाभर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. दिवाळीच्या तोंडावर ऑपरेशन केलेल्यांना मी अभ्यंगस्नानाची आठवण मुद्दाम करून देते. तेल-उटणं गळ्याखाली, डोकं दुसऱ्याने मागे वाकवून धुवायचं. घरातल्या आजी गुलाबपाणी घेऊन तयार असतात, त्यांनाही सांगावं लागतं की लिहून दिलेल्या थेंबाशिवाय डोळ्यात काहीच घालायचं नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तक्रार येते ती वेगळीच. सकाळी लख्ख दिसतं, संध्याकाळी ऑफिस सुटेपर्यंत अक्षरं पुसट होतात. पेशंटला वाटतं, नंबर परत आला. मी तक्ता वाचायला लावते आणि मध्येच म्हणते, चार-पाच वेळा पापण्या मिटा. मिटल्यावर ओळ वाचता आली तर नंबराचा प्रश्न नाही, कोरडेपणाचा आहे. झडप करताना कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात. डोळा कोरडा पडल्याची वर्दी द्यायची ती त्यांनीच, त्यामुळे अशा डोळ्याला टोचतही नाही, नुसतं पुसट दिसतं. नसा पुन्हा वाढायला सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. त्यात संगणकासमोर बसलं की माणूस पापण्या लवायचंच विसरतो. तोपर्यंत कृत्रिम अश्रूंचे थेंब, एसीचा झोत तोंडावर नको, आणि पापण्या पूर्ण मिटायची सवय. हे औषध इतकं साधं असतं की त्यावर विश्वास बसत नाही.

तालमीतल्या पोरांची गोष्ट मात्र वेगळी. कुस्तीत डोळ्यावर अंगठा, कोपर, माती सगळंच बसतं, आणि झडप जोराच्या माराने वर्षांनंतरही सरकू शकते. म्हणून पैलवानाला झडपेविना, पृष्ठभागावरच लेझर देतात. वरची नाजूक त्वचा बाजूला करायची, लेझर द्यायचं आणि ती भरून येईपर्यंत पट्टीसारखी एक लेन्स बसवून ठेवायची. हे दुखतं. अंगाने आडदांड असलेला गडी दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत उशीत तोंड खुपसून पडलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन येतो, “मॅडम, कालच्यापेक्षा आज कमी दिसायलंय.” ते खरंच असतं, आणि ते चांगलं लक्षण असतं. नवी त्वचा कडेकडून भरत मध्यभागी येते. तिच्या कडा नजरेच्या ऐन वाटेवर एकमेकींना भेटतात, तेव्हा दिसणं काही दिवस मंदावतं. ती खडबडीत रेष गुळगुळीत व्हायला आठवडे जातात. लेसिकवाल्याला आपण थोपवून धरायचं आणि याला धीर द्यायचा, एवढाच काय तो फरक.

झडपेविना लेझर झालेल्यांना स्टेरॉइडचे थेंब जास्त दिवस चालतात, हळूहळू कमी करत थांबवायचे असतात. काही जण ती बाटली संपली की मेडिकलमधून परत आणतात, कारण डोळा ‘थंड वाटतो’. काहींच्या डोळ्यात याने दाब चढतो, दुखत नाही, दिसणंही बरेच दिवस कमी होत नाही, आणि आत दृष्टीची नस झिजत जाते. काचबिंदू असाच गुपचूप येतो. त्यात एक मेख आहे. कॉर्निया पातळ झाला की दाब मोजायचं यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. लेझर झाल्याचं न सांगता तपासायला बसलेल्या माणसाचा दाब कागदावर ठीक दिसू शकतो.

डोळ्यांच्या पुढच्या बाकीच्या कहाण्याही लेझरने टळत नाहीत. चाळिशी चुकत नाही, कारण ती आतलं भिंग ताठर झाल्याने लागते. गुजरीतले एक सोनार चाळिशी ओलांडताना मायनस तीनचा चष्मा काढायला आले होते. त्यांना विचारलं, साजाचं काम करताना काय करता? म्हणाले, चष्मा कपाळावर सरकवतो. मायनस तीनच्या डोळ्याला विनाचष्मा फूटभराच्या आत सगळं लख्ख दिसतं, अगदी साजातल्या पानाची कोरसुद्धा. लेझर केलं असतं तर लांबचा फलक दिसला असता आणि हातातला दागिना धूसर झाला असता. सर्जननी त्यांना हे समजावलं, आणि ते हसत चष्मा कपाळावर सरकवून गेले.

मोठ्या नंबराच्या लांबट डोळ्यात पडदाही ताणलेला असतो. भाकरी जास्त थापली की कडेला विरते, तसा तो कडेला पातळ असतो आणि तिथेच छिद्र पडण्याची भीती जास्त. चष्मा गेला तरी हा पडदा तसाच आहे. डोळ्यासमोर एकदम काळे ठिपके वाढले, कोपऱ्यात वीज चमकल्यासारखी झाली, एका बाजूने सावली उतरू लागली, तर उद्यावर ढकलायचं नाही. आणि काही झालं नाही तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा बघून घ्यायचा. पुढे मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात. लेझरने ती बदललेली असल्याने नेहमीचं सूत्र धरलं तर चुकतं. तेव्हा ऑपरेशनआधीचे आकडे हाताशी असले तर भिंग निवडणाऱ्याचं काम सोपं होतं. म्हणून मी फाईल देताना सांगते, ही सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवा, पंचवीस वर्षांनी लागेल.

तरुण पेशंटला पंचवीस वर्षांनंतरचं सांगितलेलं हसू आणतं. त्याचं खरंही आहे. वरातीत, तालमीत, पावसात बाईकवर काचा पुसाव्या लागणार नाहीत, यासाठी तो आलेला असतो, आणि ते सुख त्याला मिळतंच. फक्त पुढच्या प्रत्येक डॉक्टरसमोर त्याने ‘मला नंबर नाही’ एवढंच सांगू नये. मी शेवटच्या तपासणीला त्याच्या कार्डावर आताची नजर ६/६ लिहिते आणि खाली ठळक अक्षरांत दुसरी ओळ घालते: पूर्वीचा नंबर मायनस साडेसहा, लेझर झालेलं आहे. पहिली ओळ त्याने मित्रांना दाखवावी. दुसरी डॉक्टरांना.