सोडलेल्या पुडीची नाणी




तंबाखूच्या पुडीचे, माव्याचे, खर्ऱ्याचे किंवा सिगरेटचे जे पैसे आज टपरीवर गेले नाहीत, ते आजच्या आज गल्ल्यात टाकायचे आणि ठरलेल्या मुदतीनंतर त्यातून सोडणाऱ्याने स्वतःसाठी काहीतरी घ्यायचे, एवढीच ही पद्धत. तिला वर्ग लागत नाही, फी लागत नाही. इतकी सोपी असल्यामुळेच ती कशीही सुरू केली जाते आणि लवकरच गल्ला फडताळात मागे सरकतो. नाणे कधी टाकायचे, किल्ली कोणाकडे राहील, जमलेल्या पैशाचे काय होईल आणि मध्येच एखाद्या दिवशी पुडी घेतली गेली तर काय, हे आधी ठरलेले असेल तर गल्ला टिकण्याची शक्यता वाढते.

महाराष्ट्रात तंबाखू मुख्यतः तोंडात धरली जाते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते आणि धुराशिवायची तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते; म्हणजे चुना लावून मळलेली तंबाखू, मावा, खर्रा, मिश्री. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, सुट्ट्या विडी-सिगरेटच्या विक्रीवर २०२० पासून. या बंद्या टपरीपर्यंत किती पोचल्या, ते कोणत्याही एस.टी. स्टँडवर दोन मिनिटे उभे राहिले की दिसते. गल्ल्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की या व्यसनाचा खर्च दहा-दहा, वीस-वीस रुपयांनी होतो. घराच्या हिशेबात दूध येते, गॅस येतो, शाळेची फी येते. पुडी कधीच येत नाही. दिवसाला तीस रुपये धरले तर वर्षाचे १०,९५० होतात, पण हा आकडा कोणाच्याही डोळ्यांसमोर कधी उभा राहत नाही. हेच पैसे दहाच्या नाण्यांत साठवले तर वर्षाला १,०९५ नाणी होतील. एक नाणे ७.७१ ग्रॅमचे, म्हणजे गल्ल्यात साडेआठ किलोच्या आसपास धातू जमेल. ते डबा उचलताना हाताला कळते.

व्यसनाचा सौदा काळाच्या बाबतीत विषम असतो. सिगरेटच्या धुरातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचते. तोंडात धरलेल्या तंबाखूला थोडा जास्त वेळ लागतो, तरी तेही मिनिटांचेच काम. तोंडाचा किंवा फुफ्फुसाचा रोग येतो तो वर्षांनी. सोडण्याचा फायदाही असाच दूरचा: पुढच्या दहा वर्षांचे आरोग्य हा आज दुपारी जेवल्यावर हातात पडणारा ऐवज नव्हे. माणूस सकाळी सोडायचे ठरवतो आणि दुपारी दुसराच माणूस असल्यासारखा वागतो, या गोष्टीचा अर्थशास्त्रात ज्यांनी नीट विचार केला त्यांपैकी थॉमस शेलिंग हे एक. त्यांना २००५ चे नोबेल मिळाले ते संघर्ष आणि सहकार्य यांच्या विश्लेषणाबद्दल, पण स्वतःच्याच दोन इच्छांमधला संघर्षही त्यांनी त्याच नजरेने पाहिला. ते स्वतः सिगरेट सोडण्यासाठी बराच काळ झगडले होते. गल्ल्यात पडणारे नाणे सोडण्याच्या फायद्याचा एक लहानसा तुकडा त्याच दुपारी हातात देते.

म्हणून नाणे टाकण्याची वेळ महत्त्वाची. दिवसाचे पैसे रात्री एकदम टाकण्यापेक्षा जेव्हा पुडी फोडली गेली असती तेव्हाच टाकलेले बरे: जेवणानंतर, चहाबरोबर, कामाच्या मधल्या सुट्टीत. तलफ सहसा काही मिनिटांत ओसरते आणि तेवढी मिनिटे हाताला काम लागते. मळणाऱ्याच्या हाताला तर लागतेच, कारण तळहातावर चुना घेऊन अंगठ्याने घोटण्याची क्रिया हाच त्या सवयीचा निम्मा भाग असतो. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड, झोप न लागणे, सारखी भूक लागणे हे दोन ते चार आठवड्यांत कमी होत जाते. या काळात नाणी दिवसातून अनेकदा पडावीत. महिन्याभरानंतर रोज एकदाच टाकली तरी चालते.

इथे एक अलीकडची अडचण येते. टपरीवाल्याकडेही आता क्यूआर कोडची पाटी असते आणि पुडीचे पैसे फोनवरून जातात; सुट्टी नाणी खिशात नसतातच. फोनमधल्या फोनमध्ये एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे सरकवता येतात, पण त्याला आवाज नाही, वजन नाही, आणि परत सरकवायला तेवढाच वेळ लागतो. त्यापेक्षा महिन्याच्या सुरुवातीला बँकेतून दहा-वीसची नाणी आणून एका वाटीत ठेवावीत आणि वाटीतून गल्ल्यात टाकत जावे. वाटीत जितकी उरली तितक्या वेळा गल्ला चुकला, हा हिशेबही न लिहिता होतो. दहाचे नाणे काही गावांत दुकानदार अजूनही नाकारतात. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केले होते की त्या नाण्याचे चौदाही नमुने वैध आहेत, रुपयाचे चिन्ह असलेले आणि नसलेलेही.

किल्लीचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि त्यावर एक चांगला प्रयोग झालेला आहे. पश्चिम केनियात आपल्याकडच्या भिशीसारखे गट असतात. पास्कलिन ड्युपा आणि जोनाथन रॉबिन्सन या अर्थतज्ज्ञांनी अशा गटांतल्या लोकांना आरोग्याच्या खर्चासाठी बचत करायला पत्र्याच्या पेट्या दिल्या. हे काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना पेटी आणि किल्ली दोन्ही दिल्या, काहींची किल्ली प्रकल्पाच्या माणसाकडे ठेवली. पक्की बंद पेटी जास्त उपयोगी पडेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ज्यांची किल्ली स्वतःकडे होती त्यांचा आजार टाळण्याच्या वस्तूंवरचा खर्च वर्षभरात सुमारे दोन-तृतीयांशाने वाढला, आणि ज्यांची किल्ली दुसऱ्याकडे होती त्यांच्यात असा परिणाम दिसला नाही. घरात अडीनडीला पैसे लागतात. जो पैसा तेव्हाही हाती येणार नाही तो पेटीत टाकायलाच लोक कचरले. पैसा वेगळा ठेवला आहे आणि अमुक कामाचा आहे, एवढे कुंपण पुरले.

कुंभाराच्या मातीच्या गल्ल्याला किल्लीच नसते, तो फोडावाच लागतो. मुलांच्या बचतीला तो उत्तम, पण व्यसन सोडणाऱ्याला बहुधा गैरसोयीचा. अर्ध्यावर फोडला की पुन्हा नवा आणायचा उत्साह राहत नाही, आणि आत किती जमले तेही दिसत नाही. काचेची किंवा प्लॅस्टिकची आरपार दिसणारी बरणी, झाकणाला फट पाडलेली, ही सर्वांत सोयीची. ती घरात सर्वांच्या नजरेसमोर असावी.

याच्या उलट टोकाचा प्रयोग फिलिपिन्समध्ये झाला. मिंडानाओ बेटावरच्या एका ग्रामीण बँकेत सिगरेट ओढणाऱ्यांसाठी एक खाते काढले होते. त्यात सहा महिने स्वतःचेच पैसे भरायचे, व्याज नाही, आणि शेवटी लघवीची तपासणी. निकोटिनचा अंश सापडला नाही तर पैसे परत. सापडला तर सगळे पैसे धर्मादाय संस्थेला. झेव्हियर जिने, डीन कार्लन आणि जोनाथन झिनमन यांनी २०१० मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार हे खाते देऊ केलेल्यांपैकी ११ टक्क्यांनीच ते उघडले. तरीही ज्यांना ते देऊ केले त्या साऱ्या गटात, न उघडणारे धरूनही, सिगरेट सुटण्याचे प्रमाण तीन टक्के-गुणांनी अधिक होते आणि वर्षानंतर अचानक घेतलेल्या तपासणीतही तो फरक टिकला. दुसऱ्या गटाला धूम्रपानाच्या दुष्परिणामांची चित्रे असलेली खिशात ठेवायची कार्डे दिली होती. त्यांचा असा उपयोग दिसला नाही. पाकिटावरच्या भयानक चित्रांवर आपल्याकडे जो भरवसा टाकला जातो त्याच्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे.

स्वतःचे पैसे पणाला लावायला लोक कचरतात, हे अमेरिकेतही दिसले. सीव्हीएस या औषधविक्री कंपनीचे कर्मचारी आणि त्यांचे आप्त-स्नेही अशा अडीच हजारांवर लोकांवर केलेल्या चाचणीत (२०१५) ८०० डॉलरचे निव्वळ बक्षीस ९० टक्के लोकांनी स्वीकारले. स्वतःचे १५० डॉलर आधी भरून यशस्वी झाल्यास ते आणि वर ६५० मिळवायची योजना जेमतेम १४ टक्क्यांनी. सहा महिन्यांनी सिगरेटपासून दूर राहिलेले बक्षिसाच्या गटात १५.७ टक्के, अनामतीच्या गटात १०.२ आणि नेहमीचे साहाय्य मिळालेल्यांत ६ टक्के होते. अनामतीचा गट मागे पडला तो मुख्यतः ती बहुतेकांनी नाकारल्यामुळे. दोन्ही योजना ज्यांनी पत्करल्या असत्या अशा लोकांपुरते पाहिले तर अनामतच जास्त परिणामकारक ठरली. गल्ला या दोहोंच्या मधे बसतो. पैसे स्वतःचेच असतात, पण ते बुडण्याची भीती नसते.

आता चुकीच्या दिवसाविषयी, कारण तो येतोच. अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोकेनच्या व्यसनींसाठी जी बक्षीसपद्धत बसवली तिचे गणित घरच्या गल्ल्यालाही लावता येते. पहिल्या स्वच्छ तपासणीला अडीच डॉलरचे व्हाउचर, पुढच्या प्रत्येकीला सव्वा डॉलर जास्त, ओळीने तीन स्वच्छ निघाल्या की वर दहा डॉलर. रोख कधीच नाही, वस्तूच. एक तपासणी चुकली की रक्कम पुन्हा अडीचवर. पण आधी मिळवलेले काढून घेतले जात नसे, आणि त्यानंतर ओळीने पाच तपासण्या स्वच्छ निघाल्या की रक्कम चुकण्याआधीच्या पायरीवर परत येई. या शेवटच्या नियमात बरेच शहाणपण आहे. घसरलेल्याला "सगळे गेले, आता काय उपयोग" असे वाटण्याला त्यात जागाच ठेवलेली नाही. गल्ल्याच्या भाषेत: चुकलेल्या दिवशी नाणे पडत नाही, जमलेल्याला हात लागत नाही, पाच चांगले दिवस झाले की पूर्वीचा दर सुरू.

दंडाचा डबा ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि घरातली मंडळी हटकून तीच सुचवतात: तंबाखू खाल्ली की टाक वीस रुपये. इस्राएलमधल्या हैफा शहरातील पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दहा शेकेल दंड लावून पाहिला, तेव्हा उशिरा येणारे कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाले आणि दंड उठवल्यावरही पहिल्यासारखे झाले नाहीत. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांनी २००० मध्ये हे प्रसिद्ध केले. दंड भरला की पालकांना उशीर विकत घेतल्यासारखा वाटू लागला. पुडीवर वीस रुपये दंड म्हणजे महाग पुडी, इतकेच होण्याचा धोका आहे.

जमलेल्या पैशाचे काय करायचे ते पहिल्याच दिवशी ठरवून बरणीवर कागद चिकटवून लिहावे. पहिले बक्षीस जवळचे असावे, आठवड्या-पंधरा दिवसांत मिळणारे: एखादे पुस्तक, नाटकाचे तिकीट. मोठे नंतर. हा पैसा वीजबिलात जिरवू नये. घरखर्चात गेलेल्या पैशाला बक्षीस म्हणणे ही फसवणूक आहे आणि ती सोडणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. रक्कम मोठी झाली की पतसंस्थेत टाकावी. पिग्मी एजंट ज्यांच्या दारावर येतो त्यांना तर आठवड्याची नाणी त्याच्याकडेच देता येतील. ही योजना १९२८ मध्ये उडुपीच्या, पुढे सिंडिकेट बँक झालेल्या पेढीने रोज दोन आणे गोळा करून सुरू केली होती. फिलिपिन्सच्या प्रयोगातही काही खातेदारांकडे दर आठवड्याला पैसे घ्यायला माणूस जात असे. ठरलेल्या दिवशी दार वाजणे हा एक साक्षीदारच असतो. दुकानात नाणी खपवायची तर २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंतची नाणी कायदेशीर चलन धरली जातात. बँकेच्या खात्यात भरायच्या नाण्यांवर रिझर्व्ह बँकेने अशी मर्यादा घातलेली नाही.

गल्ल्याने भागत नाही अशा सवयीही आहेत. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली तर थरथर, झटके, भ्रम असे प्रकार होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. तिथे आधी डॉक्टर, मग बाकीचे. जुगाराच्या नादाला पैसे साठवणारी बरणी घरात ठेवणे उलट घातक. तंबाखूसाठी निकोटिनचा च्युइंग गम गल्ल्याच्या जोडीने वापरता येतो, त्याने गल्ल्याचा नियम मोडत नाही. सुपारी असलेला मावा-खर्रा बरीच वर्षे खाणाऱ्याचे तोंड पूर्ण उघडत नसेल, तिखट झोंबत असेल किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा दिसत असेल तर नाणी मोजत न बसता दंतवैद्याला दाखवावे. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.