हमीपत्र

बारामती

चि. सोनूस,

काल फोनवर तू सहज सांगून टाकलंस, "आत्या, तिच्याकडून लिहून घेतलं, पुन्हा असं करणार नाही म्हणून. सहीपण घेतली." आणि लगेच इंदापूरच्या उकाड्यावर घसरलीस. मी "हो का" म्हणून फोन ठेवला, पण रात्री पोळ्या करपल्या. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

अगं, तुझ्याकडे समुपदेशनाला येणारी सतरा वर्षांची पोर. एवढ्या उन्हात लांब बाह्यांचा ड्रेस घालून येते आणि शेवटी तुझ्यासमोर बाही वर करून स्वतःच करून घेतलेल्या जखमा दाखवते. त्या वेळी ती तुझं बोलणं ऐकत नसते, तुझा चेहरा वाचत असते. मॅडम घाबरल्या का? किळस आली का? यातलं काहीही दिसलं की बाही खाली, आणि पुढच्या खेपेला "बरं चाललंय मॅडम". तू तर कागदच पुढे सरकवलास! त्या सहीनं झोप कुणाला लागली, तिला की तुला?

आपल्याकडे हमीपत्राचं वेडच आहे. हॉस्टेलला हमीपत्र, सहलीला हमीपत्र, गॅदरिंगला हमीपत्र. उद्या पंगतीत बसवायच्या आधी घेतील. कागद झाला की आपण मोकळे. पण अशा लेखी वचनानं इजा थांबते, याला धड पुरावा नाही. वचन मोडलं की पोरगी तुझ्यापासूनच लपवणार.

आधी जखम बघ: धुतलीय का, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का. मग सावकाश विचार, त्याआधी काय झालं होतं, नंतर कसं वाटलं. पुष्कळ मुलं सांगतात की आतलं असह्य झालेलं थोडा वेळ उतरतं. काही स्वतःला शिक्षा देत असतात. मरायचंच असतं असं नाही. पण पुढे आत्महत्येचा धोका वाढतो, म्हणून "जीव द्यावासा वाटतो का?" हे स्पष्ट शब्दांत विचार. विचारल्यानं डोक्यात येतं, ही भीती उगाचची. आणि चेहरा शांत ठेव. कोरडा नव्हे, शांत.

ज्या मार्शा लिनेहान बाईंच्या डीबीटी उपचारपद्धतीचं सर्टिफिकेट तू फ्रेम करून लावलंयस ना, त्यांनी 2011 साली जाहीर सांगितलं की तरुणपणी आपणही स्वतःला इजा करत होतो. सतराव्या वर्षी त्यांना हार्टफर्डच्या ज्या इस्पितळात ठेवलं होतं, तिथेच उभं राहून सांगितलं. फ्रेम लावलीस, बाईंकडून घेतलंस काय?

तू विचारलं होतंस एवढंच, की तिच्या वडिलांना फोन करू का. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गुप्तता पाळायला सांगतो, आणि जिवाचा धोका टाळण्यासाठी आवश्यक तेवढं सांगायची मुभाही देतो. ती अजून अठराची नाही, घरी सांगावं लागेलच. पण तिच्या पाठीमागे नको. काय सांगायचं, आधी आईला की वडिलांना, हे तिच्यासोबत बसून ठरव. घरातलंच कुणी वाईट हेतूनं तिच्या अंगाला हात लावत असेल तर मात्र गोष्टच वेगळी; मग पॉक्सोखाली कळवणं तुला बंधनकारक आहे.

आणि जिवाचं बोलली तर तिला एकटी सोडू नकोस. घरच्यांना बोलाव, जवळच्या सरकारी दवाखान्यात ने, नाहीतर सरळ इकडे बारामतीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात आण. मी गेटवर येऊन थांबते, वेळ कोणतीही असो. टेलिमानसचा 14416 तिच्या मोबाइलमध्ये आत्ताच सेव्ह करून दे. चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात.

आणि तुझं काय गं? दिवसभर हे ऐकायचं आणि संध्याकाळी त्या खोलीवर एकटीनं जायचं. मागे एकदा तू कशी गप्प झाली होतीस, ते मी विसरलेले नाही. नाव न सांगता का होईना, अशा केसबद्दल बोलायला एखादी जाणती मॅडम आहे का तिथे? नसेल तर पुण्यातलं कुणीतरी गाठू, फी मी भरेन. शनिवारच्या एसटीनं ये. निघालीस की मेसेज कर, आणि उपाशी निघू नकोस.

तुझी
आत्या