बाळंतिणीची खोली

खंबाटकी ओलांडून सुरूरच्या फाट्यावर एस. टी. वाईकडे वळली, की माझ्यातला प्राध्यापक खाली उतरतो आणि त्याच्या जागेवर चौथीतला एक पोर येऊन बसतो. पांडवगड दिसला की तो खिडकीला नाक लावतो. गेली कित्येक वर्षे हे असेच चालले आहे. गेल्या माघात मात्र तो पोर आला नाही. काकू पडली होती, आणि मी एका हातात औषधांची पिशवी व दुसऱ्या हातात दादाने पाठवलेला नकाशा घेऊन निघालो होतो.

वाईला आमचा वाडा आहे. वाडा म्हटल्याबरोबर दारात हत्ती झुलत असतील असे कुणी समजू नये. पेशवाई 1818 साली बुडाली, त्यानंतर दोन पिढ्यांनी आमच्या एका कारकून पूर्वजाने बांधलेले हे दोन चौकांचे, दुमजली घर. दिंडीदरवाजा, देवडी, पहिला चौक, त्याच्या तिन्ही अंगांना सोपे, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागे परस, परसात आड, आणि परसाच्या अगदी शेवटी, पेरूच्या झाडापलीकडे, ती जागा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून तिथपर्यंत 42 पावले आणि तीन पायऱ्या. हा आकडा मी लहानपणी अंधारात भीतीपोटी मोजलेला आहे, त्यामुळे तो चुकायचा नाही.

त्याच तीन पायऱ्यांवर काकू पहाटे चार वाजता घसरली. खुब्याचे हाड मोडले. साताऱ्याला शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी बजावले, की यापुढे उकिडवे बसायचे नाही, पायऱ्या नाहीत आणि रात्री अंगणात पाऊल टाकायचे नाही. काकूचे वय 78. काका गेल्यापासून ती एकटीच राहते.

दादा म्हणजे काकूचा मुलगा. तो मुंबईला तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याने तीन दिवसांत नकाशा काढून घेतला. त्यात माजघराचा ‘हॉल’ झाला होता. स्वयंपाकघरात उभ्याचा ओटा आणि वर-खाली कपाटे, कडीपाटाच्या खाली पांढरे खोटे छत, सगळीकडे चकचकीत फरशी, आणि माडीवरच्या दोन्ही खोल्यांना लागून एकेक न्हाणीघर. नकाशाच्या कडेला त्याने पेनाने लिहिले होते, “नाहीतर विकून टाकू.”

मी रात्री बसून त्याला चार पानी पत्र लिहिले. माजघर या शब्दाची व्युत्पत्तीसुद्धा त्यात होती. (माझ्या वर्गातल्या पन्नास मुलांपैकी माजघर म्हणजे काय ते तिघांना माहीत असते, फडताळ एकालाही नाही.) आपण एका वास्तूचा नव्हे, एका भाषेचा खून करतो आहोत, असेही एक वाक्य मी त्यात घातले होते. पत्र मी काकूला वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “अरे, तू येतोस वर्षातून चार दिवस. त्यातले दोन दिवस तुझं पोट बिघडलेलं असतं. तुला तरी आवडतं का रे परसात जायला?”

पत्र टपालात पडले नाही.

वाईत हिंडणाऱ्याला मी काय म्हणतो ते दिसेल. गणपतीच्या घाटावर ढोल्या गणपतीचे देऊळ आहे, ते 1762 साली रास्त्यांनी बांधले. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे, म्हणजे कृष्णेच्या पुराचे पाणी तिथे येऊन दुभंगावे आणि देवळाला धक्का लागू नये. दगडाच्या देवळासाठी ही युक्ती ठीक आहे. लाकडामातीच्या घराचा शत्रू निराळा. तो वरून येतो, थेंबाथेंबाने. घर बंद राहिले की पहिल्या पावसात एखादे कौल सरकते. पाहणारा कुणी नसतो. पाणी पाटांवरच्या मातीत मुरते, तिथून तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकापर्यंत पोचते, आणि ते टोक आतल्या आत कुजते. तीन-चार पावसाळ्यांत माडी पोटात येते. कुलूप मात्र शाबूत असते. अशी कुलपे मी आमच्याच आळीत पाहिली आहेत. तेव्हा दादाचा नकाशा आणि माझे पत्र यांतून निवड करायची नव्हतीच. काकू मुंबईला गेली तर घर गेले, आणि काकू इथे राहायची तर 42 पावले गेली पाहिजेत, एवढाच प्रश्न होता.

मन रमेना म्हणून दुसऱ्या दिवशी मेणवलीला गेलो. वाईहून तीनेक किलोमीटर. नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, घाटावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे देऊळ, आणि ती प्रसिद्ध घंटा. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हाच्या लुटीतली ही पोर्तुगीज घंटा. चर्चमधली घंटा कृष्णाकाठी येऊन टांगली गेली आणि कुणाला त्यात वावगे वाटले नाही! वाड्यात भिंतींवर रंगवलेली चित्रे आहेत. 2004 साली ‘स्वदेस’ चित्रपट याच परिसरात झाला, त्यामुळे अलीकडे येणारी मंडळी नानांपेक्षा त्याचीच चौकशी जास्त करतात. मी सोप्यावर टेकून बराच वेळ बसलो. खांब, महिरपी, थंडगार सावली. फार बरे वाटले. मग लक्षात आले, की इथे मला बरे वाटते, कारण इथे रात्री चार वाजता कुणाला उठवून परसात न्यायचे नाही. नाना तर 1800 सालीच गेले.

पुण्याचा विश्रामबागवाडाही आठवला. दुसऱ्या बाजीरावाने 1807 च्या सुमारास तो पुरा केला. पेशवाई गेल्यावर 1821 साली तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. 1879 साली आगीत त्याचा काही भाग जळाला, तो पुन्हा बांधला. पुढे नगरपालिकेची कचेरी आली. शनिवारवाडा 1828 साली जळाला, त्याचे तट आणि जोती उरली, आणि विश्रामबागेचे सुरूदार खांब मात्र आजही रस्त्यावरून दिसतात. कारकुनांनी तिथे फायलींचे ढीग रचले याबद्दल मी एकेकाळी लेख लिहून संताप व्यक्त केला होता. आता वाटते, त्या कारकुनांच्या डोक्यावर पाणी ठिबकले असेल, त्यांनी ओरड केली असेल, म्हणून कौले चाळली गेली असतील.

होळीनंतर काम सुरू झाले. मिस्त्री वाईचेच, साठीचे. त्यांनी दादाचा नकाशा उलटा धरून पाहिला, मग सुलटा धरला, आणि म्हणाले, “माडीवर न्हाणी? सर, ही घरं लाकडावर उभी हायत. खाली तुळया, वर कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर माती. त्यावर तुमी फरशी घालनार, रोज पानी वतनार. फरशीचा एक सांदा उघडला की समदं पानी तुळईत. आज दिसनार न्हाई. मला पैसं देऊन झाल्यावर दिसंल.”

माडीवरची दोन्ही न्हाणीघरे तिथेच बाद झाली.

दुसरा धडा त्यांनी सोप्याच्या भिंतीवर दिला. वीसेक वर्षांपूर्वी काकांनी हौसेने त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊन वर तेलरंग लावला होता. तेव्हापासून भिंतीला ओल. दरवर्षी पापुद्रे निघायचे, पांढरे मीठ फुलायचे, आणि दरवर्षी नवा रंग. मिस्त्रींनी गिलाव्यावर हातोडी टेकवली. पोकळ आवाज आला. दोन ठोक्यांत हातभर खपली खाली आली, आणि आतली माती ओली गच्च. जमिनीतली ओल भिंतीत चढतेच. मातीची, चुन्याची भिंत ती बाहेर सोडते आणि वाळते. सिमेंटने तिचे तोंड बंद केले, तेव्हा ओल आतच वर चढत राहिली आणि भिंतीतल्या खांबाला जाऊन भिडली. खांबाचा तळचा वीतभर भाग बोटाने भुगा होत होता. काकांनी भिंत पक्की केली होती, ती अशी.

तेवढा भाग कापून सुताराने जुन्या सागाचा तुकडा खाचेत बसवला. गिलावा चुन्याचा करायचे ठरले. चुना आधी भिजवून मुरत ठेवायचा, मग वाळूबरोबर मळायचा. पूर्वी दगडी चाकाच्या घाणीत बैल फिरवीत, आमच्याकडे विजेचे यंत्र फिरले. त्यात गुळाचे पाणी, हिरड्याचे पाणी आणि बेलफळाचा चीक. आठवडाभर घराला आयुर्वेदिक दवाखान्याचा वास येत होता. सिमेंटपेक्षा खर्च जास्त, वेळ कितीतरी जास्त. दादाने फोनवर विचारले, “चुना लावताय की मला चुना लावताय?” विनोद जुना, पण पैसे त्याचे होते. मी हसलो.

या सगळ्या काळात मी आपला वारशाचा रखवालदार म्हणून वावरत होतो. कौलांना हात लावायचा नाही, असे मी दादाला निक्षून सांगितले होते. माळ्यावर आवराआवर करताना पणजोबांच्या जमाखर्चाची एक वही सापडली. तिच्यात मंगळुरी कौलांची नोंद निघाली. वाठार स्टेशनावर उतरवून बैलगाडीने आणलेली, पहिल्या महायुद्धाच्या आधीची. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो 1865 साली, म्हणजे आमचे घर बांधून झाल्यावर. त्याआधी आमच्यावरही गावठी नळीची कौलेच होती! पणजोबांनी ती उतरवली, तेव्हा त्यांच्या एखाद्या भावाने चार पानी पत्र लिहिले होते की काय, त्याची नोंद नाही.

मग मी माजघरातल्या शहाबादी फरशीचा आश्रय घेतला. उन्हाळ्यात तिच्यावर पोटावर पालथे पडून मी सगळी पुस्तके वाचली आहेत. “ही तरी मूळची ना?” मी काकूला विचारले.

“मूळची? मी 1968 साली या घरात आले तेव्हा शेणाची जमीन होती. एवढं माजघर आणि सोपे, दर चार दिवसांनी मी सारवायची. फरशी आली तेव्हा मी सत्यनारायण घातला होता.”

शहाबादी राहिली. फक्त घासून घेतली.

आता राहिली मुख्य गोष्ट. न्हाणीघर खालीच हवे, काकूच्या खाटेजवळ हवे, आणि त्याचे पाणी आडापासून दूर जाईल अशा उतारावर हवे. मिस्त्रींनी दोरी धरून दोनदा मापे घेतली. सगळ्या अटींत बसणारी जागा एकच. माजघराला लागून असलेली बाळंतिणीची खोली.

आठ बाय सहाची, खिडकी नसलेली खोली. माझे वडील तिथे जन्मले. त्यांची भावंडे तिथे जन्मली. 1970 साली दादासुद्धा तिथेच जन्मला. तिथल्या कोनाड्यात बाळंतिणीजवळ दहा दिवस रात्रंदिवस दिवा असायचा, त्याची काजळी अजून भिंतीवर होती. तिथे कमोड बसवायचा! मी मिस्त्रींना थांबा म्हटले आणि जड पावलांनी काकूकडे गेलो. बोलायला काय सुरुवात करावी ते कळेना. मी पिढ्या, परंपरा असे काहीबाही बोललो.

काकू काठी टेकत उठली. आम्हा दोघांना बाजूला सारून ती त्या खोलीच्या दारात उभी राहिली.

“तुम्हाला कुणाला या खोलीतलं काही माहीत नाही,” ती म्हणाली. “दार लावायचे. शेगडी, धुरी, वारा लागू नये म्हणून फटीत चिंध्या. श्वास कोंडायचा. दादाच्या आधीची मुलगी इथेच गेली, सातव्या दिवशी. मी तेव्हा सासूबाईंना म्हणाले होते, दार जरा उघडा.”

दादाच्या आधी कुणी होते हे मला त्या दिवशी प्रथम कळले. मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“खिडकी पाडा,” काकू त्यांना म्हणाली. “चांगली मोठी पाडा.”

दोन हात रुंदीच्या भिंतीत खिडकी पाडायला चार दिवस लागले. वर आधी सागाची फळी घालून भार तोलून धरला, मग खालची माती काढली. पाचव्या दिवशी सकाळी परसातल्या पेरूच्या फांद्या त्या खोलीतून दिसू लागल्या. काकूने खुर्ची आणवून घेतली आणि दुपारपर्यंत ती तिथेच, राडारोड्यात, खिडकीसमोर बसून होती. आम्ही कुणी तिला उठवले नाही.

पुढचे भराभर सांगतो. खोटे छत रद्द झाले. उभ्याचा ओटा झाला, आणि तो काकूला इतका पसंत पडला की गॅस इतकी वर्षे जमिनीवर का होता, असा जाब तिने मलाच विचारला. वीज लाकडी पट्ट्यांवरून फिरत होती, त्या तारा बदलल्या. माडी तशीच राहिली. दादा म्हणतो, पाहुणे येणार नाहीत. वहिनी म्हणते, तर बरेच. नव्या न्हाणीघराच्या भिंतींना छातीपर्यंत पांढरी फरशी, वर चुना, धरायला दोन पक्के दांडे, आणि जमीन खरखरीत. कोनाडा बुजवायचा की ठेवायचा हे मिस्त्रींनी आम्हाला विचारलेच नाही. त्याच्याभोवती फरशी कापून त्यांनी तो ठेवला. काकू त्यात साबण ठेवते.

नरकचतुर्दशीला आम्ही सगळे वाईला होतो. पहाटे वहिनीने काकूला तेल लावले, उटणे दिले. परसात बंब पेटवायची मला भारी हौस. पण काकू म्हणाली, गरम पाणी नळाला येते, उगाच धूर करू नकोस. साबण बाजूला करून तिने कोनाड्यात पणती ठेवली, दार लोटले आणि कडी लावली. बाहेर मुलांचे फटाके सुरू झाले होते. थोड्या वेळाने आतून हाक आली,

“अरे, पणती विझली. खिडकीतून वारा येतोय. दिव्याचं बटण कुठलं रे यातलं?”