न पाहिलेली अकरा घरे

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवावयाचा, हे आम्ही दोघींनी दहावीतच ठरविले होते. याच शाळेत एका बाकावर बसलेल्या आम्ही मैत्रिणी. तेव्हा ठरविले तेही एकत्रच. शाळा सुटली, हैदराबादच्या रीतीप्रमाणे इंटरला 'बायपीसी' घेतले आणि गेल्या मार्चमध्ये पहिल्या वर्षाची परीक्षा संपली. पुढे उन्हाळ्याची सुटी होती. पण ती नावापुरतीच. शिकवणीवर्ग सकाळी दहापासून चारपर्यंत आणि दर रविवारी सराव परीक्षा!

अशा वेळी आपल्या विज्ञानाच्या बाईंनी आम्हांला शाळेत बोलावून घेतले. एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला काचीगुड्यात डासांच्या अळ्यांची पाहणी करावयाची होती. सोमवार, बुधवार व शनिवार, सकाळी वीस-वीस घरे; म्हणजे आठवड्याला साठ. असे सहा आठवडे. बाईंनी विचारले, "तुमची नावे सुचवू का ग?"

आम्हांला मोह पडला. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉस यांनी प्रथम पाहिले ते आपल्या सिकंदराबादेतच, २० ऑगस्ट १८९७ रोजी. त्या शोधासाठी १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा गावात राहून डासांची ओळख केवळ पुस्तकातून करून घ्यावी, हे आम्हांला बरे वाटेना.

दोन्ही घरी मात्र चिंता पसरली. प्रवेश परीक्षेचे गणित कडक असते. २०२५ सालच्या परीक्षेत १८० प्रश्नांना १८० मिनिटे होती. बरोबर उत्तरास चार गुण आणि चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. वडीलमंडळी म्हणाली, "महिना-दीड महिन्याच्या हौसेपायी वर्ष घालवू नका." आम्ही मोठ्या ऐटीत उत्तर दिले, "दोन्ही करू!"

पहिले दोन आठवडे खरोखरच आनंदाचे गेले. साडेसहाला पळी, पांढरी बशी आणि वही घेऊन आम्ही निघत असू. कूलर, रांजण, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरची टाकी, सारे काही पाहावयाचे. पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर पडून राहते ती अॅनॉफिलीसची अळी. शेपटाकडील श्वासनळी वर लावून डोके खाली लोंबकळत ठेवते ती क्युलेक्सची किंवा एडीसची. त्यांतही एडीसची नळी आखूड व जाड. पुस्तकातील चार ओळी पाठ करताना आम्ही नेहमी चुकत होतो. बशीत एकदा पाहिल्यावर पुन्हा चुकलो नाही. गल्लीतील मुले "मच्छरवाली दीदी आयी" असे ओरडत मागे येत. डेंग्यूचा प्रसार करणारा एडीस अंड्यापासून डास होण्यास उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा साठविलेले पाणी ओतून भांडे घासावे, असे आम्ही घरोघरी सांगत असू.

तिसऱ्या आठवड्यात सराव परीक्षेत आमचे गुण घसरले. शनिवार उजाडला, दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्राची परीक्षा. नऊ घरे झाली तेव्हाच साडेआठ वाजले होते. आम्ही एकमेकींकडे पाहिले. कोण आधी बोलले ते आता आठवत नाही, आणि त्याने काही फरकही पडत नाही. उरलेल्या अकरा घरांपुढे आम्ही मागच्या शनिवारचे आकडे उतरवून काढले आणि घरी जाऊन पुस्तक उघडले.

पुढच्या शनिवारी त्या अकरांपैकी एका घरी गेलो. तेथे एक तेलुगुभाषक आजीबाई नातवंडांसह राहतात. त्यांच्या कूलरपुढे आम्ही 'शून्य' लिहिले होते. झाकण काढले, तो पाणी अळ्यांनी वळवळत होते. कित्येकांचे कोशही झाले होते. आजीबाई तक्रारीच्या सुरात नव्हे, अगदी सहज म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात तुम्ही आला नाहीत. तुम्ही येऊन पाहाल, मग ओतीन, म्हणून पाणी तसेच ठेवले होते."

आम्हांला तोंड वर करवेना. पाणी ओतले, कूलर घासून दिला आणि त्याच दिवशी महाविद्यालयात जाऊन प्राध्यापकांना सर्व सांगितले. आता वही काढून घेतील, असे वाटले होते. त्यांनी तांबडी पेन्सिल पुढे केली आणि अकरा नोंदी खोडून प्रत्येकीपुढे 'पाहिले नाही' असे लिहावयास लावले. मग विचारले, "किती घरे खरोखर जमतील?" हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारलाच नव्हता! विचार करून सांगितले, "चाळीस." शनिवारची घरे दुसऱ्या विद्यार्थ्यांकडे गेली. आजीबाईंच्या घरी तेवढे आम्ही जाऊन सांगून आलो.

उरलेले दोन आठवडे सोमवारी आणि बुधवारी काम, आणि शनिवार अभ्यासाला. घरीही स्पष्ट सांगितले की, रसायनशास्त्राचे दोन धडे जूनवर जातील. ते गेलेही. त्यांची भरपाई अजून चालू आहे आणि प्रवेश परीक्षा अद्याप व्हावयाची आहे. तेव्हा आम्ही दोन्ही साधले, अशी बढाई मारण्याचा आम्हांला अधिकार नाही.

परंतु एक गोष्ट कळली. आता सराव परीक्षेत उत्तर येत नसेल, तर आम्ही जागा कोरी ठेवतो. पूर्वी अंदाजाने खूण करीत असू आणि गुण गमावीत असू. 'ठाऊक नाही' हे कागदावर ठेवण्याचे धैर्य आम्हांला त्या तांबड्या पेन्सिलीने दिले.

आमच्या धाकट्या मित्रमैत्रिणींनो, उद्या तुमच्यापुढेही अशीच संधी आणि अशीच परीक्षा एकदम येऊन उभी राहील. संधी अवश्य घ्या. मात्र होकार देण्यापूर्वी आपले तास मोजा, आणि वेळ अपुरा पडला तर काम कमी करा. खोटे करू नका. आम्ही उद्या डॉक्टर झालो, तर न तपासलेल्या रुग्णापुढे 'शून्य' लिहिणार नाही, एवढे त्या आजीबाईंना आमचे देणे आहे.